फाल्गुनातल्या एका सरीची दोन हंगामांना झळ

खास प्रतिनिधी, नवी मुंबई

वाशीच्या घाऊक फळबाजारात माघ आणि फाल्गुन हे द्राक्षांचे महिने. निफाड, दिंडोरी, तासगाव, कवठेमहांकाळ, पंढरपूर, बार्शी, जुन्नर या भागांतून निघालेल्या गाड्या पहाटेच्या आत तुर्भ्याच्या आवारात पोहोचतात आणि दिवस वर येईपर्यंत थॉमसन, सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस अशा वाणांचे ढीग किरकोळ विक्रेत्यांच्या टेम्पोंत चढलेले असतात. चैत्र लागला की कोकणातून येणाऱ्या हापूसच्या पेट्यांची रास वाढू लागते, गिऱ्हाईक आंब्याकडे वळते आणि द्राक्षाचा भाव उतरणीला लागतो. म्हणजे ज्या पिकासाठी बागाईतदार वर्षभर राबतो, त्याचा पैसा जेमतेम दोन-अडीच महिन्यांत हाती यायचा असतो आणि नेमक्या याच महिन्यांत अवकाळी पावसाचे ढग राज्यावर दाटून येण्याचे प्रमाण अलीकडे वाढलेले जाणवते.

बाजारात या पावसाची दखल 'माल हलका आला' एवढ्या तीन शब्दांत घेतली जाते. मणी तडकलेले असतील, घडाला डाग असेल, तर त्या दिवशीचा भाव पडतो, व्यापारी दुसऱ्या भागातला माल मागवतो आणि बाजार पुढे चालू राहतो. बागेत मात्र ती सर एका दिवसापुरती नसते. वसंत ऋतूतील द्राक्षबागेच्या कामाचे स्वरूपच असे आहे की, एका अवकाळी पावसाची झळ चालू हंगामाला बसते, तशी ती पुढच्या हंगामालाही बसू शकते. एक-दोन एकरांवर प्रपंच चालवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने प्रश्नाचे मूळ येथे आहे आणि मदतीच्या व विम्याच्या विद्यमान व्यवस्थेला नेमके हेच पुरते उमगलेले नाही.

एका वेलीचे दोन हिशेब

युरोपातील द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि शरदात फळ देते. महाराष्ट्राच्या उष्ण हवामानात वेलीला अशी सक्तीची झोप मिळत नाही. त्यामुळे येथे वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते आणि पीक एकदाच घेतले जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते ती गोडी छाटणी. तिच्यापासून फळ धरले जाते आणि साधारणपणे जानेवारी ते एप्रिल या काळात काढणी होते. काढणी उरकून वेलीला थोडी विश्रांती दिली की मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत खरड छाटणी होते. या छाटणीनंतर येणाऱ्या काड्यांवर फळ लागत नाही, परंतु पुढच्या वर्षीचे घड याच काड्यांच्या डोळ्यांत तयार होत असतात.

घडनिर्मितीचा हा टप्पा खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत येतो. त्या वेळी वेलीला भरपूर ऊन, कोरडी हवा आणि मोजके पाणी लागते. आभाळ भरून राहिले, पाऊस लागून राहिला, तर शेंडे नुसते वाढत जातात, काडी वेळेवर पक्व होत नाही आणि ज्या डोळ्यात घड असायचा तेथे बाळी निघते. हे नुकसान त्या दिवशी कोणालाही दिसत नाही. ते कळते थेट ऑक्टोबरात, गोडी छाटणीनंतर बाग फुटली की.

म्हणूनच फाल्गुन-चैत्रात बागाईतदाराच्या डोक्यात एकाच वेळी दोन हिशेब चालू असतात. एका बाजूला तयार माल वेळेत उतरवायचा असतो. दुसऱ्या बाजूला बोद मोकळे करणे, शेणखत भरणे, ठिबकच्या नळ्या तपासणे, वाकलेले अँगल आणि सैल झालेल्या तारा ताणणे, छाटणीसाठी मजुरांची टोळी ठरवणे अशी पुढच्या वर्षाची तयारी करायची असते. नाशिक जिल्ह्यात छाटणी, विरळणी आणि काढणीची कामे करणाऱ्या मजुरांमध्ये पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतील कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. पावसाने काढणी आठ दिवस लांबली की त्यांचीही घडी विस्कटते. मजूर एका बागेवर अडकतो, दुसऱ्या बागेची छाटणी मागे पडते आणि मागे पडलेल्या छाटणीची घडनिर्मिती ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी जाते.

पाऊस किती, यापेक्षा पाऊस कधी

द्राक्षाच्या बाबतीत पावसाच्या मिलिमीटरपेक्षा त्याची वेळ अधिक महत्त्वाची असते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या निमित्ताने आलेला पाऊस बागा फुलोऱ्यात आणि कोवळ्या घडांत असताना पडला. डाऊनी मिल्ड्यू म्हणजे केवडा रोगाने त्या वर्षी नाशिक आणि सांगली या दोन्ही पट्ट्यांत हाहाकार माजवला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात गारपिटीचे सत्र चालले, तेव्हा बागा काढणीत होत्या. गारेने घड फुटले, पाने चाळणी झाली आणि काड्याही जखमी झाल्या. वादळी वाऱ्याने जेथे मांडव आडवे झाले, तेथे नुकसान फळापुरते न राहता लोखंड, तारा आणि वेलींच्या ओलांड्यांपर्यंत पोहोचले.

पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये लांबलेल्या पावसाने घड जिरले आणि कुजले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या अवकाळी पावसाने व गारपिटीने निफाडसह नाशिकच्या द्राक्षपट्ट्याला तडाखा दिला. २०२५ मध्ये तर संकटाने वेगळेच रूप घेतले. त्या वर्षी मे महिनाभर वळवाचा पाऊस रेंगाळला आणि मोसमी पावसाने २६ मे रोजीच मुंबई गाठली. गार पडली नाही, मांडव कोसळले नाहीत. पण खरड छाटणीनंतरच्या निर्णायक दिवसांत बागांना ऊन मिळाले नाही. त्याचा फटका गोडी छाटणीनंतर, घडांची संख्या घटल्याचे दिसू लागल्यावर जाणवला.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर भारतातून जाणारे पश्चिमी विक्षोभ आणि दोन्ही समुद्रांकडून येणारी दमट हवा यांची गाठ राज्यावर पडली की गडगडाटी ढग उभे राहतात आणि गारपिटीचा धोका निर्माण होतो, हे हवामानशास्त्राला ठाऊक आहे. अडचण अशी की, गारपीट ही फार थोड्या क्षेत्रावर होते. एका शिवारात बाग झोडपली जाते आणि दोन कोसांवरची बाग कोरडी राहते. जिल्ह्यासाठी दिलेला इशारा अचूक ठरला तरी नेमकी आपली बाग त्यात येईल की नाही, हे शेतकऱ्याला आदल्या दिवशी सांगता येत नाही.

थंडीचेही असेच. निफाडच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा फार खाली उतरतो. पहाटेच्या गारठ्याने मण्याची फुगवण थांबते, तयार मण्यांना तडे जातात, तर दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावतीने हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. 'पिंक बेरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकृतीमुळे निर्यातीचा माल नाकारला जातो. म्हणून अनेक बागांत घड वर्तमानपत्राच्या रद्दीत गुंडाळले जातात, पहाटे शेकोट्या पेटवल्या जातात, ठिबकने पाणी सोडले जाते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील द्राक्षउत्पादकांनी कोवळे फुटवे वाचवण्यासाठी रात्रभर मळ्यांतून आगट्या पेटवल्याची छायाचित्रे जगभर गाजली होती. तेथील सरकारने त्या हिमतडाख्यास कृषी आपत्ती मानले. बागाईतदाराची घालमेल दोन्हीकडे सारखीच. फरक इतकाच की, तेथे वसंतात धोका असतो तो फुटव्याला, तर येथे तो तयार फळाला असतो.

फवारावे की थांबावे?

काढणीला पंधरा दिवस उरले असताना पाऊस पडला, तर बागाईतदारापुढे जो पेच उभा राहतो, तो बाजारात क्वचितच कोणाला ठाऊक असतो. साखर भरू लागलेल्या मण्याची साल पातळ असते. पाणी जास्त झाले की ती तडकते आणि तडकलेल्या मण्यातून घडभर कूज पसरते. उशिरापर्यंत रेंगाळणारा ओलावा रोगाला आमंत्रण देतो. औषध फवारले नाही तर माल सडण्याची भीती आणि फवारले तर उर्वरित अंश मर्यादेबाहेर जाऊन निर्यातीचा मार्ग बंद होण्याची भीती. प्रत्येक औषधाची फवारणी काढणीपूर्वी किती दिवस थांबवायची, हे ठरलेले असते. पाऊस ते वेळापत्रक पाळत नाही.

युरोपच्या बाजाराने या बाबतीत दिलेले धडे महाग पडलेले आहेत. कीटकनाशकांच्या अंशावरून २००३ च्या सुमारास आलेल्या तक्रारींनंतर 'अपेडा'ने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही नोंदणीची पद्धत आणली. बागेच्या प्रत्येक भूखंडाची नोंद, काढणीपूर्वी प्रयोगशाळेत तपासणी आणि पेटीपासून थेट बागेपर्यंत माग काढण्याची सोय हे तिचे सूत्र. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा या तपासणीच्या व्यवस्थेत मोठा वाटा राहिला. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाच्या अंशावरून युरोपात माल अडकला आणि अनेक बागाईतदार अडचणीत आले. त्यानंतर शिस्त वाढली, हे खरे. परंतु शिस्त पाळणाऱ्याला अवकाळी पावसाचा फटका अधिक बसतो, हेही तितकेच खरे. नियम पाळून औषध न मारणाऱ्याचा माल सडला, तर त्या प्रामाणिकपणाची भरपाई देणारी तरतूद कोठेही नाही.

साखळी लांब, जोखीम एकाच टोकाला

नवी मुंबई हे या साखळीचे दुहेरी नाके आहे. देशांतर्गत विक्रीचा मोठा माल वाशीच्या बाजारात येतो, तर परदेशी जाणारे शीतकंटेनर शेजारच्या न्हावा शेवा बंदरातून जहाजावर चढतात. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट परिसरातून घाऊक फळबाजार १९९६ मध्ये वाशीला आला, त्याच दशकात निर्यातीनेही जोर धरला. सहकारी संस्थांना एकत्र बांधणारी 'महाग्रेप्स' १९९१ मध्ये उभी राहिली होती. लहान बागाईतदाराला परदेशी बाजार दिसू लागला तो या काळात.

या साखळीतील प्रत्येक दुव्याकडे जोखीम टाळण्याचा काही ना काही मार्ग आहे. घाऊक व्यापाऱ्याचा एका भागातील माल बिघडला, तर तो दुसऱ्या भागातून मागवतो. निर्यातदार प्रत उतरलेली पाहून दर कमी करतो किंवा सौदाच सोडतो. किरकोळ विक्रेता आंब्याकडे वळतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. त्यामुळे विक्रीचे पर्याय वाढले. शिवारात येऊन सौदा करणारे व्यापारीही वाढले. मात्र शिवारसौद्यात इसार देऊन ठरलेला भाव पाऊस पडताच पुन्हा बोलला जातो आणि वेलीवर तयार माल लोंबकळत असलेल्या शेतकऱ्याला घासाघीस करण्याइतका वेळ नसतो. माल नेऊन पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांची प्रकरणे द्राक्षपट्ट्यात पोलीस ठाण्यांपर्यंत गेलेली आहेत.

बाजारपेठेच्या दूरच्या घडामोडीही शेवटी बागेवरच येऊन आदळतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काढणी ऐन भरात होती. वाहतूक आणि बाजार विस्कळीत झाल्याने अनेकांनी खाण्याच्या द्राक्षांचा बेदाणा केला. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे वाढले आणि नाशिवंत मालाची चिंता दुणावली. बेदाण्याचा आधारही पूर्णपणे निर्धोक नाही. तासगाव-सांगली भागात शेडवर सुकत घातलेला माल दमट हवेत काळा पडतो. म्हणजे ज्या पावसामुळे द्राक्षे बेदाण्याकडे वळवावी लागतात, तोच पाऊस बेदाणाही बिघडवतो.

भरपाईचे अपुरे माप

आपत्तीनंतर पंचनामे होतात, घोषणा होतात. पण मदतीचे माप पाहिले तर द्राक्षबागेच्या खर्चाशी त्याचा मेळ बसत नाही. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार बहुवार्षिक पिकांना ३३ टक्के वा त्याहून अधिक नुकसान झाल्यास हेक्टरी २२ हजार ५०० रुपये आणि तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत मिळण्याची तरतूद आहे. एकराच्या हिशेबात ही रक्कम सुमारे ९ हजार १०० रुपये होते. राज्य सरकारने काही वेळा स्वतःच्या निधीतून यात भर घातली, परंतु ती प्रत्येक वेळच्या निर्णयावर अवलंबून राहिली. औषधे, खते, मजुरी, पाणी आणि मांडवाचे कर्ज यांवर लाखांनी खर्च करणाऱ्या कुटुंबाला ही मदत म्हणजे तोंडाला पाने पुसण्यासारखी वाटते, यात नवल नाही.

विम्याची कथा निराळी आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा मुळात विमा रकमेच्या ५ टक्के असतो. हप्त्याचा दर फार चढला तर काही जिल्ह्यांत तो वाढतो. या योजनेत बागेतील नुकसान मोजले जात नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या प्रमाणाचा पाऊस अथवा तापमान नोंदले गेले, तरच भरपाई देय होते. या पद्धतीचा फायदा असा की, पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही. तोटा असा की, केंद्रावर पाऊस नसेल आणि बागेवर असेल तर कागदोपत्री पाऊस पडलेलाच नसतो. गारपिटीसाठी वेगळे संरक्षण घेता येते आणि तेथे वैयक्तिक पाहणी होते, पण त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. ज्या ७२ तासांत उरलेला माल वाचवण्यासाठी घरातील प्रत्येक माणूस बागेत लागतो, त्याच ७२ तासांत कागदपत्रांचीही धावपळ करायची, अशी ही कसरत आहे.

यापेक्षा मोठी उणीव म्हणजे पुढच्या हंगामाचे नुकसान. मे महिन्यात ढगाळ हवेने घडनिर्मिती बिघडली, तर त्या दिवशी पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला बाग हिरवीगार दिसते. नुकसान असते ते डोळ्याच्या आत. ऑक्टोबरात ते उघड होते तेव्हा मे महिन्यातील पावसाचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

आच्छादन हाच उपाय?

बागेवर प्लास्टिकचे आच्छादन टाकणे हा तांत्रिकदृष्ट्या परिणामकारक उपाय मानला जातो. पाऊस घडापर्यंत पोहोचत नाही, पान कोरडे राहते, रोग कमी येतो आणि फवारण्याही घटतात. राज्यात २०२३ मध्ये नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर या द्राक्षविभागांसाठी १०० हेक्टरांवर प्रायोगिक योजना मंजूर झाली. त्यात एकरी सुमारे ४ लाख ८१ हजार रुपये खर्च गृहीत धरून निम्मे अनुदान आणि प्रत्येकी एक एकरापर्यंतची मर्यादा ठेवण्यात आली. दिशा योग्य आहे. परंतु १०० हेक्टर म्हणजे सुमारे २५० एकर. राज्यातील द्राक्षक्षेत्राच्या तुलनेत हा आकडा नमुन्यापुरताच. शिवाय उरलेले दोन लाख चाळीस हजार रुपये आधी उभे करावे लागतात. दोन हंगाम तोट्यात गेलेल्या कुटुंबाकडे ते कोठून येणार? ज्याला आच्छादनाची सर्वाधिक गरज, त्यालाच ते परवडत नाही. आच्छादनाखाली उष्णता वाढते, वाऱ्याने कापड फाटते, हेही लक्षात घ्यावे लागते. त्यामुळे वाण आणि मांडवाची रचना पाहूनच हा खर्च करणे शहाणपणाचे.

आता तरी

काही गोष्टी मात्र फार मोठ्या खर्चाशिवाय करता येण्याजोग्या आहेत. द्राक्षपट्ट्यातील महसूल मंडळांत हवामान केंद्रांची संख्या वाढवणे ही पहिली. विम्याच्या निकषांत खरड छाटणीनंतरच्या घडनिर्मितीचा काळ समाविष्ट करणे ही दुसरी. त्या काळातील सलग ढगाळ व पावसाळी दिवसांची नोंद हवामान केंद्रे आजही करू शकतात, प्रश्न ती नोंद ग्राह्य धरण्याचा आहे. गावागावांत छाटण्यांच्या तारखा थोड्या मागे-पुढे ठेवण्याचे नियोजन झाले, तर एका सरीत अख्ख्या गावाची बाग सापडणार नाही आणि बाजारातही माल एकदम येऊन आदळणार नाही. वाशीच्या बाजारात उतरत्या प्रतीचा माल टाकून देण्यापेक्षा रस वा बेदाण्याकडे वळवण्याची सोय झाली, तर पावसानंतर कोसळणाऱ्या भावाला काहीसा टेकू मिळेल. आणि आच्छादनाचे अनुदान लहान क्षेत्रवाल्यांना कर्जाच्या जोडीने, खर्च करण्यापूर्वी मिळाले, तर ते खऱ्या गरजूपर्यंत पोहोचेल.

निसर्गाचा लहरीपणा कोणत्याही सरकारला थोपवता येणार नाही. पण त्या लहरीची किंमत कोणी आणि किती मोजायची, हे धोरणाने ठरते. आजवर ती जवळपास संपूर्णपणे बागाईतदार कुटुंबाने मोजली आहे. कर्ज फिटत नाही, बाग जुनी होते, नवी लागवड पुढे ढकलली जाते आणि एखाद्या वर्षी मांडव मोडून त्या जागी मका किंवा ऊस उभा राहतो. बाग मोडल्याची वार्ता वाशीपर्यंत येत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शिवाराची गाडी आलेली असते. मात्र अशा मोडलेल्या बागांची संख्या वाढत गेली, तर फाल्गुनातली ही गाड्यांची रांग आपोआप आखूड होईल. पंचनाम्याच्या कागदावर न मावणारे नुकसान बाजाराला कळेल ते तेव्हा.